तुमची जवारी तुमी काढा

आमच्या घरात जवारीला जवारी म्हणत नाहीत, दाणे म्हणतात. दाणे निवडले का, दाणे दळले का, दाण्याची भाकर थापली का. नवी सून आली की पहिले काही दिवस गोंधळते, शेंगदाणे समजून शेंगांचं पोतं उघडते. मग कुणीतरी तिला सांगतं, बाई गं, ह्या घरात ते नाव घेत नाहीत. कावून घेत नाहीत, हे मात्र कुणी सांगत नाही, कारण ते माहीत असलेली मी एकटीच उरले आहे. सासूबाई होत्या तोवर आम्ही दोघी होतो, आणि दोघीही त्यावर बोलत नव्हतो.

माझे वडील तंबोरे, वीणा, एकतारी दुरुस्त करायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पालीच्या अलीकडं, बिंदुसरेच्या काठाला आमचं गाव. नदीकडेला जमिनीची एक पट्टी होती, तिच्यात पोटापुरतं पिकायचं, पण आबांचं मन शेतात कधीच नव्हतं. ते दिवस निजामाचे. नवा तंबोरा हवा तर इंग्रजी मुलूख ओलांडून मिरजेपर्यंत जावं लागे, आणि येताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून शिपायाला पटवावं लागे की भोपळ्यात काही लपवलेलं नाही. त्यामुळं ज्याच्याकडं जे वाद्य असेल ते तो जिवापाड जपायचा, आणि त्याचा आवाज बसला की आबांना बोलावणं यायचं. बोलावण्याचे शब्द ठरलेले असायचे. जवारी काढायची हाय, या.

आता ही जवारी म्हणजे खायची नव्हे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर, तारांच्या खाली एक बुटकी घोडी असते. तारा तिच्या पाठीवरून जातात. ती पाठ दिसायला सपाट, पण किंचित उतरती असते, इतकी किंचित की डोळ्याला कळत नाही, बोटाला कळतं. तार छेडली की ती त्या उताराला लागते, सुटते, घासते, आणि म्हणून तंबोरा नुसता टण् करून थांबत नाही, भुंग्यागत गुणगुणत राहतो. त्या गुणगुणण्याला जवारी म्हणतात. वाजवून वाजवून घोडीला खाचा पडतात आणि जवारी बसते. मग कानस लावून, काचेच्या तुकड्यानं खरवडून ती पाठ पुन्हा घडवायची, ही झाली जवारी काढणं. आणि शेवटी तार आणि घोडी यांच्या मधे रेशमाचा बारीक धागा सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं. एका जागी तार मुकी, एका जागी फाटकी, आणि मधेच एक जागा अशी येते की सगळा तंबोरा जागा होतो. त्या धाग्याला जीव म्हणतात. आबा सांगायचे, घोडी हातानं घडते, पण जीव कानानंच सापडतो.

आणि त्यांचा कानच गेला. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली आमच्या आळीत घरटी एक तरी माणूस गेलं. माझी आई गेली. आबा वाचले, पण ताप उतरल्यावर त्यांना ऐकू येईना. आधी वाटलं अशक्तपणा आहे, मग वाटलं कान भरलेत, कोमट तेल सोडून पाहिलं. मी पाठीमागून हाक मारायची आणि ते आपले जात्याशी बसलेले, ढिम्म. तोंडासमोर जाऊन सावकाश बोललं की ओठांवरून ओळखायचे. तेही सगळं नाही, एखादा शब्द पकडायचे आणि बाकीचं मनानं जुळवायचे.

बहिऱ्या माणसाला जवारी काढायला कोण बोलावणार? म्हणून त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. मला बरोबर न्यायला लागले. लोकांना सांगायचे, आईवेगळी पोर आहे, घरी कुणाजवळ ठेवू. मी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. ते तार छेडायचे, डोळे मिटून ऐकल्यासारखं करायचे, आणि ऐकायची मी. जीव पुढं हवा असला की गुडघा ढकलायचा, मागं हवा असला की ओढून घ्यायचा, आणि जागा सापडली की गच्च दाबून धरायचा. मग आबा डोळे उघडून म्हणायचे, "आता बोलली." बसलेली माणसं माना डोलवायची. कुणाला कधी संशय आला नाही.

परत येताना आबा हमेशा खाली मान घालून चालायचे. म्हणायचे, फसवतोय गं आपण. मी म्हणायची, तंबोरा वाजतोय ना? मग कुणाला फसवलं? लहानपणापासून माझं बोलणं हे असं, तुकडा पाडणारं. सासूबाई पुढं म्हणायच्या, हिची जीभ न्हाई, कातर हाय. पण आबांच्या मनाला ते खायचंच, आणि देवाच्या दारातलं काम असलं की जास्त खायचं. सगळ्यांत जास्त मठाचं. आमच्या गावापासून कोसभरावर एक मठ होता. मठ स्थापणाऱ्या महाराजांचा जुना तंबोरा तिथं होता, घोडीवर सांबरशिंगाची पट्टी बसवलेली. शिवरात्रीला तेवढा तो खोळीतून निघायचा, आणि त्याआधी आबांनी त्याची जवारी काढायची असा रिवाज होता. आबांची सगळी पत त्या एका तंबोऱ्यावर होती. तो नीट बोलला की वर्षभर आजूबाजूची गावं आबांना बोलवायची.

माझं लग्न झालं ते घाटावर, पाटोद्याच्या बाजूला. घर शेतकऱ्याचं, काळं रान, दावणीला बैल, आणि जिकडं बघावं तिकडं जवारी. तिथं तंबोरा कुणी पाहिलेला नव्हता. माझ्या वडिलांचा धंदा काय, हे सासरी मोघम ठाऊक होतं, वाजवायच्या वस्तू नीट करतात म्हणून. ते बहिरे आहेत हे मी तिथंही सांगितलं नव्हतं. तो आबांचा गुपिताचा धंदा, मी कशाला उघडा करू? सासूबाई विधवा होत्या, घर आणि रान दोन्ही त्याच चालवायच्या. बोलायला रोखठोक, कामाला वाघीण, पण ताटात वाढताना हात कधी आखडला नाही. माझं त्यांच्याशी भांडण व्हायचं आणि जमायचंही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आबा म्हणाले, शिवरातीच्या आधी निरोप धाडतो, चार दिवस येऊन जा. म्हटलं, धाडा, येते. ते दोनदा म्हणाले, येशील ना? मला जरा रागच आला. येते म्हटलं ना, मग काय लिहून देऊ?

माघात आमची जवारी काढायला आली. घाटावर ती मुळासकट उपटतात, त्यालाही जवारी काढणंच म्हणतात. त्या वर्षी ती अशी आली होती की पातीत शिरलेला माणूस दिसत नव्हता. उजाडायच्या आत रानात जायचं, ऊन चढेपर्यंत उपटायचं, हाताला फोड यायचे, फोड फुटायचे. आणि तरी मजा होती. सासूबाई पुढं, मी मागं, माझे मालक शेजारच्या पातीत मुद्दाम मागं राहून माझी नक्कल करणार. दुपारी हुरड्याची राहिलेली कणसं भाजून खायची, ताक प्यायचं. मी माहेरी एकटी वाढलेली. आईवेगळ्या घरात इतकं हसू मी ऐकलेलं नव्हतं.

शिवरात्र जवळ आली हे मला दिसत नव्हतं असं नाही. मनात आलं, निरोप कसा नाही आला? आणि लगेच दुसरं मन म्हणालं, आला नाही म्हणजे मठानं यंदा तंबोरा काढलाच नसेल, नाहीतर दुसरा माणूस लावला असेल. खरं सांगते, त्या दुसऱ्या मनाचं ऐकून मला बरं वाटलं. घाट उतरून जायचं, गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि परत येताना त्यांचं ते फसवतोय गं ऐकायचं, ह्याची मला हौस उरली नव्हती. बोलावतील तेव्हा बघू, असं म्हणून मी पुढची पात धरली.

शिवरात्र झाली, होळी झाली, खळं उठलं. मोकळ्या रानात मेंढरं बसवायला एक धनगर दरसाल यायचा. मेंढरांचं खत रानाला मिळायचं, त्याच्या बदल्यात त्याला दाणे द्यायचे. त्याचा मेंढरांचा वाडा हिवाळाभर माझ्या माहेरच्या शिवारात असायचा, आणि पाटोद्याच्या बाजाराला येताना-जाताना तो आमच्या दारावरून जायचा. त्या दिवशी तो ओट्यावर भाकरी खात बसला होता. सासूबाई सुपात दाणे पाखडत होत्या, मालक दोर आवळत होते, मी त्याच्या ताटात कालवण वाढत होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, खाली पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाला की तुमच्या इवायाचं लई वाईट झालं.

मग त्यानं सांगितलं. मठात शिवरात्रीला गवई बसला. तंबोरा छेडला तर पत्र्यावर खडे पडल्यागत आवाज. गवई थांबला, खुंट्या पिळल्या, पुन्हा छेडला, पुन्हा तेच. सगळा मठ एकमेकांकडं बघायला लागला, पोरं हसायला लागली. आणि पुढंच बसलेले माझे आबा डोळे मिटून मान डोलवत होते. गवई थांबला तरी डोलवत होते. मठाचे आताचे महाराज त्यांना म्हणाले, अहो, हे काय करून ठेवलंत? तरी डोलवत होते. शेवटी कुणीतरी खांद्याला धरून हलवलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मग लोकांना कळलं. घोडी बघितली तर सांबरशिंगाची पट्टी पार लाकूड लागेपर्यंत घासलेली. बिचाऱ्यांनी बोटांनी जागा शोधली असेल, पुन्हा पुन्हा, आणि गुडघ्याला कुणी नव्हतं.

 धनगर मालकांना सांगत होता, "ठार बहिरा हाय बे त्यो. इतकी सालं कुणाला कळू दिलं न्हाई." मग सासूबाईंकडं वळून म्हणाला, "म्हून तर निरोप धाडलता त्यांनी. मीच आणलता की. जवारी काढायची हाय, पोरीला चार दिवस धाडा."

"आणलता," सासूबाई म्हणाल्या. "मग? आमची जवारी उभी व्हती. हिला कशी धाडू?"

त्यांच्या बोलण्यात काही लपवाछपवी नव्हती. धनगर आला तेव्हा मी रानात होते. व्याह्यांच्या पट्टीतली जवारी काढायला आपली सून बोलावतात, तीही ऐन काढणीत, ह्याचा त्यांना राग आला होता. घरात ऐकलं की सून नाराज होईल, म्हणून मला सांगितलंच नाही. उत्तर तिथल्या तिथं देऊन टाकलं. धनगरानं ते शब्दाला शब्द पोचवलं होतं: तुमची जवारी तुमी काढा, आमची आमाला काढायची हाय.

आणि आबांनी ते ओठांवरून वाचलं, आणि जवारी म्हणजे आपली तंबोऱ्याचीच, असं धरून समजून घेतलं. सासरचे सोडत नाहीत. किंवा पोरगीच नको म्हणाली. मग ते एकटे मठात गेले.

माझी जीभ सुटली. काय काय बोलले ते आता लिहायलाही लाज वाटते. म्हटलं, आत्याबाई, जगात तुमचं रान सोडून दुसरं काही हाय का न्हाई? जवारी म्हणजे तंबोऱ्याची, घोडीची. माझ्या बापाची जिंदगी व्हती ती, तुमी मातीत घातली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. धनगरासमोर बोलले, मालकांसमोर बोलले. मालक उठले, पण सासूबाईंनी त्यांना हातानं बसवलं. सूप मांडीवर तसंच होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तेला दुसरा शब्द न्हाई का गं?"

नाही म्हटलं. तुमच्या शब्दाला असेल तर बघा.

अर्धा राग माझा माझ्यावरच होता. चंद्र बघत होते, दिवस मोजत होते, निरोप आला नाही म्हणून बरं वाटून घेत होते, ती कोण? पण ते कबूल करण्यापेक्षा सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडणं सोपं होतं, आणि त्या फोडून घेत होत्या. असं माणूस समोर असलं की हात आणखी चालतो.

त्यानंतर घरात सुतक पडल्यागत झालं. सासूबाईंची भाकरी अर्धी झाली. माझ्याशी बोलताना त्या आधी घसा साफ करायला लागल्या. मी सरळ बोलेना. एकदा त्या जात्यावर बसल्या होत्या आणि स्वतःशीच म्हणत होत्या, जलमभर पिकिवली, जलमभर खाल्ली, मला कावून वाटंल तिचं दुसरं काई असंल म्हून. मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून निघून गेले. जाऊ द्या आत्याबाई, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण नाही म्हटलं.

मग एक दिवस त्यांनी कोठीतले दाणे काढले. सुपानं पाखडले, खडा न खडा वेचला, टपोरे पांढरे तेवढे बाजूला केले आणि नव्या बारदानात भरून तोंड शिवलं. मालकांना म्हणाल्या, गाडी जुंप, इवायाकडं जायचंय. व्याह्याच्या दारात आपण होऊन जायचं, तेही चूक घेऊन, त्यांच्यासारख्या बाईला हे सोपं नव्हतं. पण त्यांना दुसरं द्यायचं माहीत तरी काय होतं? जे पिकवलं ते.

भल्या पहाटे निघालो. घाट उतरताना त्यांनी मला विचारलं, ते ऐकत न्हाईत तर बोलायचं कसं. मी तुटकपणे म्हटलं, तोंडासमोर उभं राहायचं, सावकाश बोलायचं, थोडकं बोलायचं. मग त्या वाटभर पुटपुटत आल्या. इवाई, चूक झाली. इवाई, जवारी आणलीय. पदरात घ्या. पुन्हा पहिल्यापासून. मी गाडीच्या मागच्या अंगाला पाय सोडून, फुगून बसले होते. कानावर सगळं पडत होतं.

आबा अंगणात अंबाडीची सुतळी वळत बसले होते. मठाचं झाल्यावर कुणी बोलावलं नव्हतं, पुढंही बोलावणार नव्हतं. पाठ आमच्याकडं होती, त्यामुळं गाडी आली तरी त्यांना कळलं नाही. मी गाडीजवळच थांबले. सासूबाईच पुढं झाल्या, वळसा घेऊन त्यांच्या समोर उभ्या राहिल्या, पदर सावरला, हात जोडले. वाटभर घोकलेलं ऐनवेळी सगळं गेलं असावं. मोठ्ठं तोंड करून, सावकाश, त्या एवढंच बोलल्या:

"इवाई, जवारी आणलीय."

आबांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग मागं गाडीकडं पाहिलं. गाडीत घोंगडीखाली काहीतरी फुगीर, गोल झाकलेलं. मग मी दिसले. त्यांचं तोंड असं उजळलं की आई गेल्यानंतर मी ते तसं कधी पाहिलं नव्हतं. हातातली सुतळी सोडून ते उठले आणि घरात गेले. आतून पेटी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले ते कापडाची गुंडाळी घेऊन, तिच्यात कानस, काच, रेशमाचं रीळ. रांजणातलं पाणी घेऊन त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले, अंगणात पटकूर अंथरलं. सारखे बोलत होते, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. म्हणाले, लई बरं केलंत इहीणबाई, पोरगी बी संगट आणलीत, आता बघा कशी काढतो.

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांना काहीच कळत नव्हतं. मला सगळं कळलं होतं.

आबा गाडीशी गेले. भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी, हळूच, घोंगडी बाजूला केली. बारदान दिसलं. त्यांना वाटलं असेल, वाटेत धक्के बसू नयेत म्हणून बारदानात गुंडाळलाय. त्यांनी वरून हात फिरवला, बाजूनं फिरवला, आणि हात थांबला. शिवलेल्या तोंडाच्या फटीतून बोट आत घातलं. चार दाणे खाली पडले.

 मग त्यांनी शिवण उसवली, मूठभर दाणे काढून तळहातावर घेतले, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली फोडला. सासूबाईंकडं वळून म्हणाले, "दाना चांगला भरलाय. वर्सभर टिकंल."

सासूबाईंना तेव्हा उमगलं. पदर तोंडात धरून त्या खालीच बसल्या.

आबा माझ्याजवळ आले. विचारलं, निरोप पोचला होता का गं? मी त्यांच्या समोर तोंड करून म्हटलं, आत्याबाईंपर्यंत पोचला, माझ्यापर्यंत न्हाई. त्यांना वाटलं, ही जवारी. आणि बारदानाकडं बोट केलं. आबांनी बारदान पाहिलं, सासूबाईंना पाहिलं, आणि हसायला लागले. पोट धरून, ठसका लागेपर्यंत. हसण्यातच म्हणाले, मीच बावळट, घाटावरच्या माणसांना जवारी म्हणल्यावर काय समजंल? दुसरा शब्द धाडाय पायजे होता. मग हसू ओसरलं. पटकूर झटकून त्यांनी घडी घातली. कानस आणि काच गुंडाळीत ठेवली. रेशमाचं रीळ तेवढं बाहेर काढून माझ्या हातात दिलं. "घिऊन जा," म्हणाले. "गोधडी शिवायला होईल."

रात्रीचा मुक्काम करून आम्ही सकाळी निघालो. आबा वेशीपर्यंत आले. सासूबाईंनी त्यांच्यापुढं पुन्हा हात जोडले, पण तोंड उघडलं नाही. आता कुठला शब्द कुठं जाऊन पडेल ह्याची त्यांना धास्ती बसली होती.

घाट लागल्यावर मालक खाली उतरून बैलांबरोबर चालायला लागले. गाडीत आम्ही दोघीच. रीळ माझ्या मुठीत होतं. सासूबाई इतका वेळ रस्त्याकडं बघत होत्या. बघता बघता, माझ्याकडं न वळता, अगदी हळू म्हणाल्या, "मला एकच ठाव व्हती. तुला दोनी ठाव व्हत्या. वाटभर माझ्या तोंडून ऐकत आलीस. तू तरी सांगायचंस."

मी रीळ पदराच्या गाठीला बांधलं.  घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. त्यांनी पाय धुतले, चूल पेटवली, कोठीकडं वळल्या आणि तिथंच थबकल्या. घसा साफ करून म्हणाल्या, "दळणाला दाणे काढ."

मी दाणे काढले.